देखाव्यातली राक्षसीण: या चुका टाळा

श्रावण लागला की बेळगावात मंडळांच्या बैठका सुरू होतात आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "यंदा मोठी राक्षसीण करूया." बावीस वर्षं मी देखाव्यांची निवेदनं लिहितोय, सांगाडा बांधायलाही हात लावतो. दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो.

पहिली चूक पूतनेची. ती पहिल्यापासून अक्राळविक्राळ दाखवतात. आमच्या मंडळानंही एकदा तेच केलं. अठरा फुटी उभी बाई, सुळे, लाल बल्बचे डोळे, हातात बाळकृष्ण, मान हलवायला वायपरची मोटर. तिसऱ्या रात्री एक सात-आठ वर्षांची पोर बापाला विचारत होती, "पप्पा, असल्या बाईकडं यशोदेनं बाळ दिलंच कसं?" बापाला उत्तर सुचेना, शेजारी उभ्या असलेल्या मलाही सुचेना. निवेदन माझंच होतं. त्याच रात्री पाऊस आला, ताडपत्रीखाली वारा शिरला, कागदाचा लगदा भिजून मान छातीवर आली आणि मोटर बंद पडली.

घरी येऊन भागवताचा दहावा स्कंध काढला. सहाव्या अध्यायात सगळं लिहिलेलं आहे. पूतना गोकुळात शिरते ती वेणीत मोगरा माळून, हातात कमळ घेऊन. गोपींना वाटतं साक्षात लक्ष्मीच आली. यशोदा आणि रोहिणी नुसत्या बघत राहतात. खरा देह दिसतो तो जीव जाताना, आणि पडता पडता तो सहा कोसांतली झाडं चिरडतो. मग वर्णन येतं: नांगराच्या इसाडाएवढे दात, डोंगराच्या गुहेसारख्या नाकपुड्या, आंधळ्या विहिरीसारखे डोळे, आटलेल्या डोहासारखं पोट. सगळी मापं शेतकऱ्याच्या घरची. खानापूर, येळ्ळूरकडून आलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाहीत. इसाड म्हटलं की त्याच्या खांद्याला ते वजन आठवतं.

तेव्हापासून मी पूतना आडवीच करतो. आधी पडद्यापुढे मोगरा माळलेली देखणी बाई, मग अंधार, मग उजेड येतो तो जमिनीवर पसरलेल्या देहावर. छातीवर वीतभर कृष्ण खेळतोय, पायाशी कुऱ्हाडी घेतलेले दोन गोकुळवासी. पुढं त्यांनी देह तोडून जाळला आणि धुराला अगरूच्या सुगंधी लाकडाचा वास आला, हे निवेदनात येऊ द्या. तिथं बायका डोळे पुसतात, कारण विष पाजायला आलेल्या त्या बाईलाही कृष्णानं आईची गती दिली. शिवाय आडवा सांगाडा तीस फुटांचा केला तरी वारा त्याला पाडू शकत नाही.

दुसरी चूक सुरसा आणि सिंहिका यांची सरमिसळ. दोघी हनुमानाला समुद्रावर भेटतात, दोघींचा जबडा मोठा, म्हणून एकच पुतळा दोघींसाठी वापरतात. एका वर्षी सुरसेला गदेनं मारलेलं बघून शहापूरच्या एका आजींनी पोरांना धरलं, "अरे, ती नागांची आई न्हवं काय? तिला का मारलायसा?" आजींचं बरोबर होतं. सुरसेला देवांनीच परीक्षेला पाठवलं होतं. तिनं तोंड शंभर योजनं पसरलं, तेव्हा हनुमान अंगठ्याएवढा होऊन आत गेला, बाहेर आला, आणि तिनं आशीर्वाद दिला. सावली धरून ओढते ती सिंहिका, मारली जाते तीही तीच. दोघी एकाच देखाव्यात हव्या असतील तर सिंहिकेचा हात पाण्यातल्या सावलीवर ठेवा.

हिडिंबेला कुरूप करू नका. ती सुंदर रूप घेऊन भीमापुढे येते, घटोत्कचाची आई आहे. मनालीत तिचं 1553 सालचं देऊळ आहे, लोक तिथं हात जोडतात.

ताटका जन्मानं यक्षकन्या, हजार हत्तींचं बळ मिळालेली, अगस्त्यांच्या शापानं राक्षसी झालेली. बाईवर बाण सोडताना राम अडखळतो, तो क्षण गाळू नका.

हडळीला उंच करायचं कारण नाही. तिचे उलटे पाय पुरतात.

आता पोरं मोबाईलवरचं बघून येतात. रेसिडेंट इव्हिल मालिकेच्या 2021 सालच्या गेममधली ती टोपीवाली बाई हवी असते, आणि ती पंचवीस फुटांची करा म्हणतात. ती टोपी-टाचांसकट साडेनऊ फूट आहे. दारातून येताना वाकते, म्हणून घाबरवते. जपानी दंतकथेतली उंच बाई हाचिशाकु-सामा आठ शाकू (शाकू म्हणजे जपानी फूट), म्हणजे सुमारे 2.4 मीटर. कुंपणावरून तिची नुसती टोपी सरकताना दिसते. पंचवीस फुटांची बाई माणूस लांबून बघतो आणि पुढं जातो. साडेनऊ फुटांची बाई आपल्याच घराच्या चौकटीत उभी राहते. असा देखावा करायचाच असेल तर आधी चौकट बांधा, ओळखीची, उंबऱ्यासकट, आणि बाई तिच्यात मावणार नाही एवढीच करा.

स्पीकरवरचं "हा हा हा" बंद करा.

निवेदन मराठीबरोबर कन्नडमध्येही ठेवा. रांगेतली निम्मी माणसं पूतनेला पूतनी म्हणतात, त्यांनाही गोष्ट कळली पाहिजे.

आणि रंगाची घाई नको. आपल्याकडच्या भाद्रपदात लगद्याचा एक थर वाळायला दोन-तीन दिवस जातात. हॅलोजन लावून वाळवलेला थर वरून कडक होतो, आत ओला राहतो आणि अनंत चतुर्दशीच्या आधीच गालाला भेग पडते. मी बोटानं दाबून बघतो, गार लागलं तर ब्रश उचलत नाही.