मुंग्यांच्या रांगेवरून मुलांना विज्ञान कसं शिकवायचं

विज्ञान शिकवायचं म्हटलं की आपण लगेच किट नाहीतर व्हिडिओ शोधायला लागतो, पण भिंतीलगत चाललेली मुंग्यांची एक रांगसुद्धा पुष्कळ आहे, कारण तिथे उत्तर आधीच छापलेलं नसतं, ते बघूनच काढावं लागतं.

१. जागा एकच ठरवा. रोज नाही जमलं तरी चालेल पण जागा तीच हवी, नाहीतर काय बदललं ते कळणार कसं?

२. पहिली १० मिनिटं काहीच सांगू नका. मोठ्यांना हेच सगळ्यात अवघड जातं. मूल आपणहून म्हणेल की ह्या समोरासमोर आल्या की थांबतात, तेव्हा फक्त "कशाने शिवतात एकमेकींना?" एवढं विचारा आणि परत गप्प. भिंग द्या, पण त्यातून सूर्याकडे कधीच बघायचं नाही हे आधी बजावा.

३. फोटो नको, चित्र काढायला लावा. फोटो न बघताही निघतो, चित्र काढताना मात्र पाय नक्की कुठून निघालेत ते ठरवावंच लागतं. मुलाने पाय मागच्या फुगीर भागाला जोडले तर चूक सांगू नका, पुन्हा बघायला पाठवा, सहाही पाय मधल्या भागातून निघतात हे त्याचं त्यालाच सापडू दे.

४. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग हे लिहून खाली दोन रकाने करा, "दिसलं" आणि "वाटलं". "मुंगी मागे वळली" हे दिसलं, "मुंगी घाबरली" हे वाटलं. बाकी काही राहिलं तरी चालेल, ही पायरी सोडू नका.

५. आता प्रयोग. "रांगेत का चालतात?" याचं उत्तर थेट मिळत नाही म्हणून प्रश्न बदलायचा, रांगेची वाट पुसली तर काय होईल? आधी अंदाज लिहायचा, मग दोन मुंग्यांमधली मोकळी जागा बघून ओल्या बोटाने वाट आडवी पुसायची. बहुतेक वेळा मुंग्या तिथे अडखळतात, मिशा हलवत इकडेतिकडे फिरतात आणि थोड्या वेळाने रांग परत जुळते, कारण बऱ्याच जातींच्या मुंग्या जमिनीवर वासाची खूण सोडत जातात. पण मूल म्हणालं की बोट बघून बिचकल्या असतील तर? शंका अगदी रास्त आहे! मग दुसऱ्यांदा बोट तेवढंच जवळ न्यायचं पण टेकवायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

प्राणीशास्त्रज्ञ निको टिंबर्गन यांनी हेच केलं होतं. जमिनीत बीळ करणाऱ्या गांधीलमाशीच्या बिळाभोवती त्यांनी पाइनचे शंकू गोल मांडले, तिला त्याची सवय झाल्यावर ती बाहेर गेलेली असताना ते कडं बाजूला सरकवलं, आणि परत आल्यावर ती बिळाऐवजी त्या कड्याच्या मधे शोधत बसली. प्राण्यांचं वागणं असं निरखून अभ्यासणाऱ्या तिघांना १९७३ चं नोबेल मिळालं, त्यातले एक टिंबर्गन.

६. निकाल वेगळा आला तर तसाच लिहू द्या. काही मुंग्या वासाबरोबर नजरेचाही आधार घेतात, त्या अडखळणार नाहीत कदाचित, त्यामुळे तुम्हाला माहीत असलेल्या उत्तराशी जुळवायला लावू नका.

चावणाऱ्या मुंग्या असतील तर लांबूनच बघायचं, वारूळ उकरायचं नाही, दगड उचलला तर जसा होता तसा हळूच ठेवायचा. पुढच्या वेळी घड्याळ घेऊन बसा आणि पुसलेली रांग जुळायला किती सेकंद लागतात ते सकाळी आणि दुपारी मोजा.