स्विफ्टचे टायर बदलताना साइज कशी निवडावी

"साहेब, एक साइज वर टाकू का? गाडी एकदम भरलेली दिसेल." टायरच्या दुकानात हा प्रश्न येतो तेव्हा आपली नजर भिंतीवरच्या चकचकीत मॅगव्हीलवर (अलॉयच्या रिमवर) असते, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. मीही हो म्हटलं होतं. माझ्या २०१८च्या स्विफ्ट व्हीएक्सआयला कंपनीचे १६५/८० आर १४ टायर होते. ते काढून ७ इंची रुंद रिमवर २०५/५० आर १६ बसवले. पार्किंगमध्ये गाडी झकास दिसायची. पण चार माणसं बसवून ताम्हिणी घाट उतरायला लागलो आणि मागच्या मडगार्डाला टायर घासून 'खर्र' असा आवाज सुरू झाला. पहिल्याच पावसात एका खड्ड्याने रिम वाकवली. दुकानदाराला बोल लावून उपयोग नव्हता. हिशेब मीच केला नव्हता.

तो हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे. स्विफ्ट हे इथे उदाहरण धरलंय. बलेनो, आय २०, पोलो अशी कुठलीही छोटी, चपळ गाडी असली तरी पद्धत तीच.

आधी गाडीवर लिहिलेलं वाचा

चालकाचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. त्यावर टायरची साइज आणि हवेचा दाब असतो. सध्या बसवलेल्या टायरपेक्षा त्या स्टिकरवर विश्वास ठेवा, विशेषतः गाडी सेकंडहॅण्ड घेतली असेल तर. आधीच्या मालकाने काय उद्योग केलेत ते कुणी सांगावं?

१६५/८० आर १४ म्हणजे टायर १६५ मिलीमीटर रुंद आणि १४ इंची रिमवर बसणारा. मधला ८० अनेकांना फसवतो. तो मिलीमीटर नाही, टक्के आहेत. टायरची भिंत, म्हणजे साइडवॉल, रुंदीच्या ८० टक्के उंच आहे, असा त्याचा अर्थ. त्यामुळे रुंदी वाढवून हा आकडा तसाच ठेवला तर टायर उंचही होतो.

स्विफ्टच्या २०१८च्या पिढीत खालच्या मॉडेलांना १६५/८० आर १४ आणि वरच्यांना १८५/६५ आर १५ येत असे. कंपनीने एकाच गाडीला दोन साइज दिल्यात, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

टायरची उंची काढा

कागद घ्या. रुंदीला टक्क्यांनी गुणा, दुप्पट करा (भिंत वरही आहे आणि खालीही), त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा.

आपल्या १६५/८० आर १४ची भिंत झाली १३२ मिलीमीटर. दोन भिंती २६४, रिम ३५५.६, एकूण ६१९.६ मिलीमीटर. आता १८५/६५ आर १५ : भिंत १२०.२५, दोन भिंती २४०.५, रिम ३८१, एकूण ६२१.५. फरक जेमतेम २ मिलीमीटर, म्हणजे ०.३ टक्के. कंपनीने दोन्ही साइज का दिल्या ते इथेच कळतं : रिम मोठी झाली, भिंत बुटकी झाली, चाक तेवढंच राहिलं.

चाक तेवढंच राहायला हवं, कारण स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. कुणी १९५/६५ आर १५ बसवला तर चाक ६३४.५ मिलीमीटरचं होतं, मूळपेक्षा २.४ टक्के मोठं. पूर्वी ज्या खऱ्या वेगाला काटा १०० दाखवायचा, तिथे तो आता ९८च्या आत राहील. किलोमीटरही कमी पडतील, आणि 'ॲव्हरेज पडलं' म्हणून तुम्ही मेकॅनिकच्या मागे लागाल. शिवाय मोठं चाक म्हणजे गिअर लांब झाल्यासारखं. स्विफ्टचं ते १.२ लिटरचं, ८३ पीएसचं इंजिन काही ताकदीने ओथंबलेलं नाही. गाडी उडी मारते ती हलकी आहे म्हणून. चाक वाढवलंत की दुसऱ्या गिअरमधली ती मजा आधी जाते.

तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो, असं दुकानात सांगतात. मी दीड टक्क्याच्या पुढे जात नाही.

पर्याय, आणि माझं मत

रिम बदलायची नसेल तर १८५/७० आर १४ बघा. उंची ६१४.६, मूळपेक्षा ०.८ टक्के कमी. माझ्या पत्र्याच्या रिमवर आतून '१४ x ५ जे' असं ठोकलेलं आहे, म्हणजे ती ५ इंच रुंद. या टायरला साडेचार ते सहा इंचांची रिम चालते, त्यामुळे तो नीट बसतो. मॅगव्हीलचा खर्च वाचतो, भिंतही जवळपास तेवढीच उंच राहते. रोज खड्ड्यांतून ऑफिस गाठणाऱ्याला मी हाच सांगतो. मात्र ही साइज दारावरच्या स्टिकरवर नाही, त्यामुळे घासतं का ते बघून घ्यावं लागतं.

रिम बदलायचीच असेल तर १८५/६५ आर १५. कंपनीचीच साइज, घासण्याचा प्रश्न नाही, आणि बाजारात या मापात निवड भरपूर. कुणी वरच्या मॉडेलची मूळ चाकं काढून मोठी टाकलेली असतात, तो सेट जुन्यात स्वस्त मिळतो. घेताना रिम मोकळी फिरवून बघा. डगमगली तर सोडून द्या.

१९५/५५ आर १६ची उंची ६२०.९, गणितात अगदी चपखल. बलेनो आणि आय २०च्या वरच्या मॉडेलांना हीच साइज येते, त्यामुळे टायर सहज मिळतो. वळणावर गाडी खरंच टवटवीत होते. पण भिंत १३२ वरून १०७ मिलीमीटरवर येते. खड्डा आणि रिम यांच्यात होती त्यातली २५ मिलीमीटर रबराची गादी गेली. एक्सप्रेसवेवर पळणाऱ्याने खुशाल घ्यावी. शहरात आणि गावाकडच्या रस्त्यावर टायरला फुगा येण्याची तयारी ठेवूनच घ्यावी.

२०५ नकोच. रुंद टायर कोरड्या रस्त्यावर चांगली पकड देतो, पण पाणी साचलेल्या रस्त्यावर तो पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. अरुंद टायर पाणी कापत जातो. जून ते सप्टेंबर घाटात गाडी घालणाऱ्याने एवढं तरी बघावं. माझं आतापर्यंतचं निरीक्षण असं, की साइज वाढवून जेवढा फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक त्याच साइजचा चांगल्या रबराचा टायर घेतल्याने पडतो. पैसे हातात असतील तर ते रिमऐवजी रबरात घाला.

रिमचं माप : घासतं ते इथे

मॅगव्हील घेताना पहिली गोष्ट पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचं माप. या स्विफ्टचं ४ x १००, पोलोचं ५ x १००. मित्राच्या गाडीची रिम आपल्याला बसेलच असं नाही. दुसरं, मधलं भोक. स्विफ्टचं ५४.१ मिलीमीटर आहे. बाहेरच्या रिमचं भोक मोठं असतं, तेव्हा मध्ये हब रिंग (ती फट भरणारी कडी) बसवून घ्या, नाहीतर ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि तुम्ही बॅलन्सिंग करत बसता.

माझं चुकलं ते रुंदीत आणि ऑफसेटमध्ये, म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून तिच्या गाडीला टेकणाऱ्या बाजूपर्यंतच्या अंतरात. ५ इंची रिमच्या जागी ७ इंची घातली, तर ऑफसेट तोच असला तरी रिमची कड आत २५ मिलीमीटर आणि बाहेर २५ मिलीमीटर सरकते. त्यात ऑफसेटचा आकडा जितका कमी, तितकं चाक आणखी बाहेर. म्हणून रिम विकत घेण्याआधी रुंदी आणि ऑफसेट हे दोन्ही आकडे विचारा. 'बसतं साहेब, सगळ्यांना बसवलंय' हे उत्तर ऐकलं की चहा पिऊन उठावं.

पैसे देण्याआधी एक चाक पुढे आणि एक मागे बसवून बघू द्या, असं सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. मागे तीन माणसं बसवा, डिकीत काही वजन टाका आणि एका गतिरोधकावरून हळू जा. आतली फट हाताने कळत नाही. त्यासाठी मी घरून कणकेचा छोटा गोळा नेतो. शॉकअबच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) दांड्यावर, टायरसमोर तो चिकटवायचा आणि एक फेरी मारून यायचं. गोळा चपटला असेल तर टायर नको तितका जवळ आहे. करंगळी सहज जाईल एवढी जागा उरली तरच पुढे बोला. दुकानातली पोरं हसतात, हसू द्या.

जमलं तर जुनं चाक आणि नवं चाक एकदा काट्यावर ठेवा. मी शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली तेव्हा एका चाकामागे तीन किलोंच्या वर फरक निघाला. स्विफ्टसारख्या हलक्या गाडीला ते वजन शॉकअबच्या खाली नको असतं.

साइजनंतरची बारीक अक्षरं

साइजच्या पुढे '८५ एस', '८८ एच' असं काहीतरी असतं. आकडा म्हणजे एका टायरने पेलायचं वजन : ८२ला ४७५ किलो, ८५ला ५१५, ८८ला ५६०. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा : एस १८०, टी १९०, एच २१०. मूळ टायरपेक्षा दोन्हींत खाली जायचं नाही.

भिंतीवर चार आकड्यांची चौकट शोधा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. टायर नवा दिसतो म्हणजे तो नवा असतोच असं नाही. वर्षाच्या आतला मागा, आणि आयएसआयची खूण बघा.

जुना कधी काढायचा? कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलीमीटर उरेपर्यंत चालतो. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत झीज आली की संपलं. मी पावसाळ्याआधी मोजतो आणि ३च्या खाली असेल तर मे महिन्यातच बदलतो. दोनच टायर घेत असाल तर नवे मागे टाका. बहुतेक जण पुढे टाकतात, कारण इंजिन पुढचं चाक फिरवतं. पण ओल्या वळणावर पुढचं घसरलं तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागचं घसरलं तर गाडी स्वतःभोवती फिरते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावलं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीभोवती फिरतो तेव्हा वाद नको असेल, तर त्याच गाडीला कंपनीने दिलेली साइज सगळ्यात बिनघोर. स्विफ्टला म्हणूनच पंधराची सोय आहे. स्टेपनी जुनी चौदाची राहिली तरी उंची जवळपास सारखी असल्याने पंक्चरच्या दुकानापर्यंत हळू नेता येते.

बसवून झाल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, हवा टायर थंड असताना भरा. मॅगव्हील नवीन असेल तर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर पाना घेऊन नट पुन्हा आवळा. माझ्या गाडीचा एक नट पाऊण फेरा फिरला होता.