ट्रॅक्टरला इरलं बांधताना: बर्फातल्या स्वस्त केबिनच्या या चुका टाळा

गेल्या सात हिवाळ्यांत आमच्या लहान ट्रॅक्टरवर मी तीन केबिनी बांधल्या. पहिली एक हिवाळाही टिकली नाही. दुसरी चांगली भक्कम होती, पण जास्त धोक्याची तीच निघाली. तिसरी अजून उभी आहे आणि तिघींत स्वस्तही तीच.

आम्ही कॅनडात, ऑंटारिओतल्या शेलबर्नच्या उत्तरेला उघड्या माळावर राहतो. ह्यूरन सरोवर आणि जॉर्जियन बे यांच्यावरून वारा सुटला की तिथली वाफ बर्फ होऊन आमच्या अंगणात येऊन पडते. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट १८० मीटर. ती मोकळी करायला २३ अश्वशक्तीचा डिझेल ट्रॅक्टर आहे, पुढे लोडर (उचलायचं खोरं), मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालणारा स्नोब्लोअर (बर्फ उडवून टाकणारं यंत्र). तयार बंद केबिन घ्यायची तर काही हजार डॉलर मोजावे लागतात. हिवाळ्यात वीस-पंचवीस वेळा तास-दीड तास बसायचं, त्यासाठी एवढे पैसे घालायला जीव धजत नाही. म्हणून इकडे जो तो आपापल्या ट्रॅक्टरला काहीबाही बांधतो, आणि बहुतेक जण त्याच त्या चुका करतात. मीही केल्या.

खोली बांधायला जाऊ नका

तिसरी केबिन मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती म्हणाली, "काय रे हे, ट्रॅक्टरला इरलं घातलंस होय?" आमचं मूळ गाव भोरकडचं. भातलावणीला बायका इरलं पांघरून वाकायच्या ते तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. इरल्याला दार नसतं की खिडकी नसते. पाठ आणि डोकं झाकलं, हात मोकळे राहिले, की झालं. आईने एका वाक्यात सांगितलं ते शिकायला मला दोन केबिनी लागल्या होत्या.

हिशेब साधा आहे. तापमान उणे १५ आणि वारा ताशी ३० किलोमीटर असला, तर इथल्या हवामान खात्याच्या विंडचिलच्या सूत्राने उघड्या कातडीला ते उणे २६ सारखं लागतं. म्हणजे वारा नुसता अडवला तरी अकरा अंश परत मिळाले, तेही काहीही न जाळता. अंगात चांगला जाड कोट असेल तर उणे १५ मध्ये दीड तास सहज निघतो. पण माणूस एवढ्यावर थांबत नाही. आत बसून कोट काढता आला पाहिजे असं त्याला वाटायला लागतं. मग तो एकेक फट बुजवतो, आत शेगडी नेतो, आणि तिथून सगळी रड सुरू होते.

पाण्याच्या पाईपचा सांगाडा

पांढरा पीव्हीसी पाईप स्वस्त, हाताने कापता येतो, कोपरे तयार मिळतात. ऑक्टोबरात तासाभरात पहिल्या केबिनीचा सांगाडा उभा राहिला तेव्हा मी स्वतःवरच खूश होतो. जानेवारीत, उणे १८ च्या सकाळी, छतावरचा बर्फ पाडायला फावड्याच्या दांड्याने वरच्या आडव्या पाईपला एक टिचकी मारली. काचेची बरणी फुटावी तसा आवाज आला आणि कोपऱ्याचा जोड तीन तुकड्यांत सीटवर पडला. कडाक्याच्या थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतो. त्यात ट्रॅक्टरचा कंप दिवसभर चालूच.

यापेक्षा दीड इंची लाकडी पट्ट्या बऱ्या. किंवा विजेच्या वायरी ज्यातून नेतात त्या पातळ लोखंडी नळ्या, इथे त्यांना ईएमटी म्हणतात. त्या हाताच्या बेंडरने वाकतात, वजनाला हलक्या असतात. फक्त त्यांना वेल्डिंग करू नका. वरचा जस्ताचा थर जळून जो पांढरा धूर निघतो त्याने रात्री ताप भरतो. नट-बोल्ट आणि क्लॅम्प पुरतात, आणि एप्रिलात सगळं सुटंही होतं.

रोल बारला भोक पाडणं

सीटमागची जी लोखंडी कमान असते ती ट्रॅक्टर उलटला तर तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे. सांगाडा टांगायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही, म्हणून ड्रिल हातात घेतलं जातं. भोक पाडलं किंवा काही वेल्ड केलं, की ती कमान ज्या ताकदीला तपासून दिलेली असते ती ताकद राहील याची खात्री गेली. रबराची पट्टी गुंडाळून वरून यू-बोल्ट आवळा. छत ठेंगणं ठेवण्यासाठी घडीची कमान खाली पाडून ठेवणारेही पाहिलेत. तसं करू नका. कमान उभी, पट्टा बांधलेला. तुमच्या लाकडाच्या आणि प्लास्टिकच्या केबिनला उलटणाऱ्या ट्रॅक्टरपुढे काडीची किंमत नाही.

प्लास्टिक

बांधकामावर वापरतात ते धुरकट प्लास्टिक फक्त बाजूंना आणि पाठीला चालेल, तेही ताणून बसवलं तरच. सैल राहिलं तर फडफडून डोकं उठवतं. टेबलावर अंथरायचं पारदर्शक व्हिनाइल दुकानात मऊ लागतं, पण थंडीत घडीवर चिरतं. घ्यायचंच तर किती उणे तापमानापर्यंत चालतं हे ज्यावर लिहिलेलं असतं ते घ्या.

समोर मात्र कंजुषी नको. मी तीन मिलिमीटरचं पॉलीकार्बोनेट, म्हणजे चिवट पारदर्शक प्लास्टिक, लावलंय. अॅक्रिलिक त्याहून स्वस्त आणि दिसायला जास्त चकचकीत, पण स्नोब्लोअरने उडवलेला एक खडा बसला की त्याला तडा जातो. पॉलीकार्बोनेट सहसा फुटत नाही, ओरखडे मात्र पटकन पडतात. गाडीची काच खरवडायचं खोरणं त्याला लावू नका, अमोनियाचा काच-क्लीनरही नको. मऊ ब्रश आणि साबणाचं कोमट पाणी बास.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. पॉलीकार्बोनेट थंडीत भरपूर आखडतं. एक मीटर लांबीचा तुकडा अधिक २५ अंशांवरून उणे २५ वर गेला की साधारण सव्वातीन मिलिमीटर कमी होतो. लाकूड किंवा लोखंड एवढं आखडत नाही. बोल्टच्या मापाचंच भोक पाडून घट्ट आवळलं तर कडेपासून चीर धावते. भोक बोल्टपेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठं पाडा, खाली रबरी वायसर घाला आणि हाताला किंचित सैल वाटेल इतपतच आवळा.

आतली शेगडी, आणि माझी डोकेदुखी

दुसऱ्या केबिनीत मी लहान प्रोपेन हीटर ठेवला होता. पहिल्या पाच मिनिटांत स्वर्ग. दहाव्या मिनिटाला समोरचं काही दिसेना. एक किलो प्रोपेन जळला की साधारण एक किलो ६०० ग्रॅम पाणी तयार होतं. ते वाफ होऊन जाणार कुठे? समोरच्या गार प्लास्टिकवरच बसतं आणि तिथे गोठतं. मी हातमोज्याने पुसायचो, त्याचा दुधी थर व्हायचा, आणि त्या थरातून फाटकाचा खांब शोधत मागे यायचो. दोनदा तो खांब ब्लोअरनेच शोधला.

हे झालं गमतीचं. गंमत नसलेली गोष्ट अशी की बंद जागेतली ज्योत ऑक्सिजन खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्यात ट्रॅक्टरचा स्वतःचा धूर. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी कार्बन मोनॉक्साइड सोडतं हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. माझ्या ट्रॅक्टरचा धूर बॉनेटखालून, पुढच्या उजव्या चाकाजवळ बाहेर पडतो. पुढून वारा आला की तो पायांच्या पट्टीवरून वर चढतो. मी तिथली फट गोधडीने बुजवली होती, पण गिअरच्या दांड्यांभोवतीची मोकळीच होती. म्हणजे धूर आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. एका संध्याकाळी घरात आलो तर डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. बायको म्हणाली, "अहो, आत दोन अंशांनी उबदार होतं म्हणून एवढं डोकं दुखून घ्यायचं का?" हीटर त्याच रात्री विकायला काढला.

घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आत टांगला की झालं, असं वाटत असेल तर तेही नको. घरगुती अलार्म साधारण ४ ते ३८ अंशांसाठी बनवलेले असतात. उणे १५ मध्ये तो गप्प बसला म्हणजे हवा स्वच्छ आहे असं नाही. माझ्या आताच्या केबिनीची मागची बाजू खांद्यापासून वर उघडीच आहे.

मग ऊब कुठून आणायची?

विजेवरचा बारा व्होल्टचा हीटर घ्यावा असं मनात येतं. १५० वॅटचा हीटर साडेबारा अँपियर ओढतो. लहान ट्रॅक्टरचा अल्टरनेटर तेवढ्यानेच दमतो, वर दिवे आहेतच. उलट २३ अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे १७ किलोवॅट, आणि जोरात चालताना रेडिएटरमधून त्याच तोलाची उष्णता नुसती वाऱ्यावर जात असते. ती चोरायची. ही युक्ती माझी नाही. जुन्या अमेरिकन ट्रॅक्टरांना हीट हाऊझर नावाचं कॅनव्हास चढवत. इंजिनच्या दोन्ही बाजूंना पडदे लावले की पंख्याची गरम हवा मागे चालकाच्या पायांकडे येते.

पण ही गरम हवा धुराशेजारूनच येते, म्हणून मागची बाजू उघडी असेल तरच हे करा आणि सायलेन्सरचं तोंड पडद्याच्या बाहेर राहील असं बघा. चूक आणखी दोन ठिकाणी होते. लोक पुढची जाळीही झाकतात. हवा आत जायची वाटच बंद झाली की बाहेर उणे २० असूनही इंजिन तापतं. जाळी पूर्ण उघडी ठेवा, त्यावर भुसभुशीत बर्फाचा थर बसतो तो दर फेरीला झटका, आणि पहिल्या दिवशी तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. दुसरं म्हणजे सायलेन्सर. कॅनव्हास त्याच्यापासून वीतभर तरी लांब हवं. माझ्या पहिल्या पडद्याला हाताच्या तळव्याएवढं भोक पडलं होतं, कडेला काळं. पेटला नाही हे नशीब.

लोंबणारी टोकं

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ताडपत्रीचं टोक, दोरी, बंजी, काहीही त्याच्या आवाक्यात नको. मागचा पडदा सीटच्या पातळीला संपवा आणि खालून पट्टी मारून पक्का करा. लोडरचे हात पूर्ण वर-खाली करून पडदा कुठे अडकतो तेही आधी बघा, बर्फात नाही.

दाराला झिप लावू नका, ती गोठते. वेल्क्रोत बर्फ भरला की तो पकडत नाही. लोहचुंबकाच्या पट्ट्या सर्वांत बऱ्या. दार बाहेरच्या बाजूला, एका लाथेत उघडलं पाहिजे.

बांधून झाल्यावर ज्या तक्रारी येतात

आत घुमतं, कान किटतात: छताचा मोठा सपाट पत्रा ढोलासारखा वाजत असतो. मधोमध एक आडवी पट्टी मारा, आतून जुनी योगा मॅट चिकटवा. तरीही कानाला मफ लावाच.

रात्री समोर पांढरं दिसतं: दिवे आत लावलेत. ते प्लास्टिकच्या बाहेर, छताच्या पुढच्या कडेला न्या.

हीटर नसूनही काच धुरकटते: तोंडाची वाफ आणि पायाला चिकटून आलेला बर्फ. समोरच्या काचेच्या खाली दोन बोटांची फट ठेवा. गार वाटेल, पण दिसेल.

ट्रॅक्टर ट्रेलरवरून न्यायचाय: केबिन काढून न्या. हायवेवरचा वारा ती तुमच्यासाठी काढेल आणि मागच्या गाडीवर टाकेल.

एप्रिलच्या शेवटी मी सगळं उतरवून गोठ्यात आडवं ठेवतो, उन्हाने व्हिनाइल पिवळं पडतं म्हणून. नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातात. डब्यावर "इरलं" लिहिलंय. गेल्या वर्षी त्यात दोन वायसर जास्त निघाले, ते कुठले ते अजून सापडलेलं नाही.