टोमॅटोचे बी टाकण्याचा दिवस फुलावरून मोजावा

बियाण्याच्या पाकिटावर ‘वर्षभर लागवड’ असे छापलेले असते, आणि थंड देशांतले व्हिडिओ पाहिले तर हिम पडायचे थांबण्याआधी सहा आठवडे बी टाका असे सांगतात. बेळगाव-खानापूर भागात या दोन्ही सल्ल्यांचा उपयोग नाही. आपल्याकडे टोमॅटोला एका बाजूने पाऊस नडतो आणि दुसऱ्या बाजूने चैत्रातले ऊन. फूल आणि फळ हे पाऊस व ऊन यांच्यामधल्या थंडीत बसवायचे असते.

वाफा, माती, शेणखत यांची तयारी झालेली आहे असे मी धरून चालतो. बी पाच ते आठ दिवसांत उगवते, २५ ते ३० दिवसांत रोप लावणीला येते, लावणीनंतर महिन्याभरात फुले दिसतात आणि ६० ते ७० दिवसांनी पहिला तोडा मिळतो. म्हणजे बी टाकल्यापासून फुलापर्यंत जवळपास दोन महिने जातात.

माझी चूक नेमकी येथेच होत असे. बी उगवेल की नाही याचीच मला काळजी असायची, आणि उगवण तर उन्हाळ्यातही उत्तम होते. एका वर्षी मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बी टाकले. झाडे कमरेएवढी झाली, एप्रिलमध्ये पिवळ्या फुलांचे घोस लागले, आणि रोज सकाळी वाफ्यात गळलेल्या फुलांचा सडा दिसू लागला. देठावर मधोमध जो सांधा असतो तो आधी पिवळा पडायचा आणि बोट लावताच फूल तेथूनच तुटायचे. खत कमी पडले असे समजून मी युरिया घातला. पाला वाढला, फळ काही धरले नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेले आणि रात्रीही २१-२२ अंशांखाली उतरेनासे झाले, की परागकण निकामी होतात आणि फूल गळते. त्यावर कोणतेही टॉनिक चालत नाही. दुकानदार देईल, तरी घेऊ नये. त्यातच उन्हाळ्यात पांढरी माशी वाढते आणि तिच्यामुळे पाने गोळा होण्याचा विषाणूरोग पसरतो.

म्हणून फुले डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात यावीत असा हिशेब धरावा आणि तेथून दोन महिने मागे यावे. बेळगाव, खानापूर आणि पश्चिमेकडच्या गावांत ऑक्टोबरचा पहिला आठवडा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तेव्हा हस्त नक्षत्र चालू असते आणि पाऊस एखाद-दुसरा तडाखा देऊनच जातो, म्हणून बी उघड्या वाफ्यात न टाकता ट्रेमध्ये टाकून छपराच्या आडोशाला ठेवावे. ओल्या वाफ्यात कोवळी रोपे बुडाशी कुजून एका रात्रीत कोलमडतात. रोपे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, भाताच्या सुगीच्या दिवसांत, लावणीला येतात. गणपतीच्या सुमारास बी टाकून दिवाळीपूर्वी झाडे उभी करण्याची घाई अनेकजण करतात. परतीच्या पावसात पाने दिवसभर ओली राहिली की करपा हटत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणी-रायबागकडे पाऊस फार कमी, त्यामुळे तेथे सप्टेंबरच्या सुरुवातीलाही बी टाकता येते; मे महिन्यात बी टाकून पावसाळी पीकही घेतात. खानापूरच्या माणसाने ते पाहून अनुकरण करू नये.

दुसरी खेप हवी असेल तर नोव्हेंबरअखेरपर्यंत, फार तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत बी टाकावे. त्यानंतर मी पाकीट उघडतच नाही. या उशिराच्या खेपेसाठी बेंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा वाण घ्यावा, कारण तो पाने गोळा होण्याच्या रोगाला तोंड देतो. उन्हापुढे मात्र त्याचीही फुले गळतात.

बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे, झारीने पाणी द्यावे, उगवताच उजेडात आणावे.

जमीन तयार नाही म्हणून रोपे ट्रेमध्ये दीड-दोन महिने थांबवून ठेवणे मात्र वाईट. अशी रोपे उंच, बारीक होतात आणि लावल्यावर बरेच दिवस नुसती उभी राहतात, म्हणजे मोजून टाकलेला दिवस फुकट जातो. त्या जमिनीत भात अजून उभे असेल तर बीच आठ दिवस उशिरा टाकावे.