डी२ स्टीलच्या खिशातल्या चाकूला घरी धार कशी लावायची

हल्ली स्वस्तातल्या फोल्डिंग चाकूंच्या पात्यावर पण डी२ लिहिलेलं दिसतं, आणि पहिली धार गेली की लोक वैतागतात, कितीही घासा धार येतच नाही म्हणून. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या टूलरूममधे काम केलेल्यांना हे स्टील माहितीये, तिथे त्याला एचसीएचसीआर म्हणतात, हाय कार्बन हाय क्रोमियम, पत्रा कापायचे डाय-पंच ह्याचेच बनतात. म्हणजे जे स्टील मुळात झिजू नये म्हणूनच बनवलंय ते आपण दगडावर झिजवायला बसतोय, वेळ लागणारच ना.

ह्यात साधारण १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं, आणि ते दोन्ही मिळून कार्बाइडचे अतिशय कडक कण बनवतात. चिक्कीत गुळात शेंगदाणे अडकलेले असतात ना तसं, गूळ म्हणजे स्टील आणि दाणे म्हणजे कार्बाइड. दगड मऊ पडला तर नुसता गूळ खरवडला जातो, दाणे तसेच राहतात. अर्थात डी२ मधलं क्रोमियम कार्बाइड साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा थोडं मऊच असतं त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातल्या दोन बाजूंच्या दगडावर सुद्धा धार येते, फक्त हात दुखतात आणि दगडाला मधे खड्डा पडतो. खरी पंचाईत सीपीएम एम४ किंवा के३९० ह्या दुसऱ्या स्टीलचे चाकू असणाऱ्यांची, त्यात व्हॅनेडियम भरपूर (एम४ मधे ४ टक्के, के३९० मधे ९) आणि व्हॅनेडियम कार्बाइड ह्या दगडापेक्षा कडक, तिथे डायमंड किंवा सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याच्या खालोखाल कडक) शिवाय नादाला लागू नका.

म्हणून माझं मत, डी२ ला पण सरळ डायमंड प्लेट घ्या, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धातूची पट्टी. ४०० आणि १००० ग्रिटच्या (आकडा जेवढा मोठा तेवढे कण बारीक) दोन बस झाल्या, ३००० वगैरेच्या मागे धावायची गरज नाही.

आणि दारावर येणाऱ्या धारवाल्या काकांच्या चाकावर हा चाकू देऊ नका. विळी कोयत्याला ते झकास आहे, पण कोरड्या चाकावर पात्याची पातळ कड क्षणात तापते, निळसर झाली म्हणजे ३०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास गेली, आणि तेवढ्यात त्या कडेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मग धार लागते पण टिकत नाही, आणि लोक म्हणतात स्टीलच बोगस.

आता कामाचं. आधी चाकू उघडून लॉक नीट बसलाय का, पातं डगमगतं का ते बघा, डगमगत असेल तर पिव्हटचा (पातं ज्यावर फिरतं तो) स्क्रू आवळून घ्या नाहीतर अँगल कधीच स्थिर राहणार नाही. प्लेटखाली ओलं फडकं, प्लेटवर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. मग धारेच्या उतारावर परमनंट मार्कर फिरवा, दोन्ही बाजूंनी. दोन हात मारून बघा शाई कुठली गेली, फक्त वरची गेली तर पाठ जास्त खाली आहे, फक्त कडेची गेली तर पाठ जास्त वर उचललीये. डी२ ला प्रत्येक बाजूने १७ ते २० डिग्री ठेवा, १२-१३ वर नेऊ नका, त्याचे कार्बाइडचे कण मोठे असतात आणि एवढ्या पातळ कडेवरून ते उखडून येतात, बारीक दाते पडतात. २० डिग्री डोळ्याला कळत नसेल तर पातं २५ मिमी रुंद आणि पाठीला ३ मिमी जाड धरून पाठीची खालची कड प्लेटपासून साधारण ७ मिमी वर येते, म्हणजे दहाची चार नाणी एकावर एक. पातं अरुंद असेल तर उंची त्या हिशोबात कमी.

४०० वर एकाच बाजूने घासत रहा, दुसऱ्या बाजूला बर येईपर्यंत. बर म्हणजे कडेवर उलटून आलेला पत्र्यासारखा बारीक काठ, अंगठा पात्याच्या पाठीकडून कडेकडे आडवा ओढला की नखाला अडकतो (धारेच्या दिशेने लांबीत बोट फिरवू नका, प्लीज). बर टोकापासून मुठीपर्यंत सलग यायला हवी, मधेच गायब असेल तर तिथे अजून कड गाठलीच नाहीये. नव्वद टक्के लोक इथेच घाई करतात आणि मग पुढच्या ग्रिटवर तासभर घालवतात. टोकाकडच्या वळणावर मूठ थोडी वर उचलायची, नाहीतर टोक बोथट राहतं. जोर मात्र अजिबात नको, हाताचं वजन पुरे, दाबून घासलं की प्लेटवरचे हिरे सुटतात आणि प्लेट गेली. बर आली की बाजू बदला, तेच पुन्हा.

मग १०००, आणि इथे बर काढणं हेच मुख्य काम. डी२ ची बर चिवट असते, एकदा ह्या बाजूला एकदा त्या बाजूला नुसती लोळत राहते, म्हणून एक हात इकडे एक हात तिकडे असं आलटून पालटून, दर वेळी अजून हलक्या हाताने. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावून प्रत्येक बाजूने पाच-दहा वेळा पाठीच्या दिशेने ओढा, ही पेस्ट डाय पॉलिशिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. दोरी, पुठ्ठा, पॅकिंग पट्ट्या कापायच्या असतील तर १००० चा टप्पा सोडला तरी चालतो, ४०० वरच हलक्या हाताने बर काढून थेट चामड्यावर, थोडी खरखरीत धार दोरीला जास्त चावते.

तपासायला ट्यूबलाइटखाली धार वर करून धरा, कडेवर पांढरी चमकती रेघ किंवा ठिपका दिसला तर तिथे अजून बोथट आहे. मग वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापा, जिथे अडकून फाटतो तिथे बर शिल्लक आहे.

रोज थोडी थोडी धार जागी करायला स्टीलची गुळगुळीत सळी वापरू नका, ६० एचआरसी (कडकपणाचं माप) इतक्या कडक कडेला ती वाकवत नाही, उलट टवके पाडते, त्यापेक्षा परत तो चामड्याचा पट्टाच. आणि १२ टक्के क्रोमियम आहे म्हणून स्टेनलेस समजू नका, त्यातलं बरंच कार्बाइडमधे अडकलेलं असतं, कोकणातल्या पावसात ठिपके पडतातच, लिंबू कापून तसाच मिटून ठेवला तरी पडतात. पुसून कोरडा करा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पिव्हटमधे आणि पात्यावर पुसट हात, फळं कापत असाल तर पात्याला खोबरेल.