वुल्फस्टनवर लिहिताय? या चुका टाळा

अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा इंग्लंडमधल्या यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन मला फार जवळचा वाटतो, म्हणूनच त्याच्यावरचा मराठी मजकूर तपासताना पुन्हा पुन्हा त्याच चुका दिसल्या की जीव तुटतो.

पहिली चूक म्हणजे माणसांची अदलाबदल. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखात आमचा आर्चबिशप १०६६ साली इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमला शरण जाताना दाखवला होता. तो तर १०२३ सालीच वारला, ईली या गावी त्याला पुरलं. शरण गेला तो वूस्टरचा बिशप वुल्फस्टन. तो १०९५ साली वारला आणि १२०३ साली संत ठरला. गोंधळ व्हायला कारणही आहे: आर्चबिशप १००२ ते १०१६ यॉर्कबरोबर वूस्टरही सांभाळत होता. पण लेखकाने घाईत दोन्ही चरित्रं एकत्र शिवली होती. पानं लागलेली, छपाई दुसऱ्या दिवशी. रात्री बसून एक तृतीयांश मजकूर काढावा लागला. तेव्हापासून कुणाच्याही चरित्राला हात लावण्याआधी मी कागदाच्या माथ्यावर पेन्सिलीने मृत्यूचं साल लिहितो. त्यापुढची घटना आली की हात आपोआप थांबतो. ९५६ साली वारलेला, यॉर्कचाच आणखी एक आर्चबिशप वुल्फस्टन आहे, तोही लक्षात ठेवा.

दुसरी चूक मला जास्त लागते. १०१४ च्या सुमाराचं त्याचं गाजलेलं प्रवचन इंग्लंडवर चालून आलेल्या डेन लोकांविरुद्धची आरोळी म्हणून सांगितलं जातं. अख्खं प्रवचन वाचायचा कंटाळा, दुसरं काय! त्याचा राग इंग्रजांवर आहे. बाप पोराला विकतो, पोर आईला विकतं, भाऊ भावाला विकतो, असं तो आपल्याच माणसांना सुनावतो. डेन लोकांच्या हातून होणारे हाल म्हणजे त्या पापांवरचा देवाचा कोप, असं त्याचं म्हणणं. हे ध्यानात आलं की पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या डेन राजा कनूटच्या पदरी तो कसा राहिला, याचं कोडं पडत नाही.

'ल्युपस' हा वेगळा लेखक नव्हे, ते वुल्फस्टनचंच टोपणनाव. लॅटिनमध्ये ल्युपस म्हणजे लांडगा, आणि 'वुल्फ'ही तोच.

कनूटच्या आधीचा इंग्लंडचा राजा एथेलरेड याच्या 'अनरेडी' या टोपणनावाचं 'बेसावध' असं भाषांतर यंत्राकडून करून घेऊ नका. मूळ शब्दाचा अर्थ वाईट सल्ला, आणि एथेलरेड म्हणजे उदात्त सल्ला. कोटी नावावरच आहे.

कनूटचे कायदे एकट्या कनूटच्या नावावर टाकू नका. मसुदा वुल्फस्टनचा. एथेलरेडच्या १००८ च्या कायद्यांचा मसुदाही त्याचाच. दोन्ही शेजारी ठेवून सावकाश वाचा, लय ओळखू येते.