नवी कोल्हापुरी पायाला लागू नये म्हणून

कोल्हापुरी संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पट्टा नि अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची कडी) वापराने सैलावतात, तळ मात्र वाढत नाही. म्हणून पट्टा आवळ असला तरी चालेल, पण टाच तळाबाहेर येता कामा नये. टाचेमागे तीन-चार मिलिमीटर तळ दिसला पाहिजे. दोन्ही पायांत घालून दुकानात दहा पावलं तरी चालून बघा.

चामडं खरं आहे का, हे पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकून कळतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं थेंब पिऊन काळपट होतं, रेक्झिनवरून तो ओघळतो. रेक्झिनला पुढे सांगितलेलं तेलपाणी करण्यात अर्थ नाही.

पाय सोलतो तो अंगठ्यापाशी आणि पट्ट्याच्या कडेला. तिथे आतून एरंडेल लावा. दोन्ही चपलांना मिळून एक चमचा पुरे. फडक्याने चोळून रात्रभर ठेवा, सकाळी पुसून घ्या. बोट लावून कडक वाटलं तर दोन दिवसांनी पुन्हा. एकदम भरपूर तेल ओतणं ही नेहमीची चूक: पट्टा लोळागोळा होतो, धूळ धरतो आणि महिन्याभरात चप्पल पायातून निसटायला लागते. पाऊल टेकतं तिथे तर तेल नकोच, घसरायला होतं.

पहिले तीन-चार दिवस घरातच अर्धा-अर्धा तास घाला. कातडी लाल झाली की काढा. फोड आल्यावर ‘सवय होईल’ म्हणत चालत राहू नये. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, तर अंगठ्याची चप्पल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण जखम झाल्याचं कळतच नाही.

करकर वाजते म्हणून तक्रार करू नका. कित्येक जोडांत तो आवाज मुद्दाम काढलेला असतो, आणि शौकीन लोक त्याचेच जास्त पैसे मोजतात.

पावसाळ्यात ही चप्पल सरळ माळ्यावर टाकावी. तळाचे थर पाणी पितात, फुगतात आणि वाळताना आक्रसून वाकडे होतात. चामड्याच्या वादीची शिवण तिथेच उसवते. तरी भिजलीच, तर चिखल ओल्या फडक्याने पुसा, वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत पंख्याखाली ठेवा, कागद ओला झाला की बदला. उन्हात किंवा गॅसजवळ वाळवलेलं चामडं तडकतं. बुरशी आली तर कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका, पूर्ण वाळल्यावर हलका तेलाचा हात फिरवा. पट्टा तुटला तर खिळा ठोकून घेऊ नका. वादीनेच शिवून देणारा चांभार शोधा.